बाबाला सांगू नको

गुरुवार, १९

उद्या सकाळी सहाला निघायचं आहे. बॅगा भरून दाराशी ठेवल्या आहेत. मुंगीने तिची बॅग चारदा भरली आणि तीनदा उपसली. आत काय आहे विचारलं तर म्हणाली, "सामान." तिच्या बाबाला विचारलं तर तो म्हणाला, "तिचं तिलाच माहीत. हात लावू नकोस, चावेल." म्हणून तर तिला मुंगी म्हणतात.

लग्नाला चार महिने झाले. चौघांनी मिळून बाहेर राहायला जाण्याची ही पहिलीच वेळ. चौघं म्हणजे मी, हा, मुंगी आणि आजी. आजी म्हणजे मुंगीच्या आईची आई. लेक गेली तेव्हा नात तीन वर्षांची होती, घरात कुणीतरी हवंच होतं, म्हणून त्या जावयाकडे राहायला आल्या आणि राहिल्या. नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या आईला काय हाक मारायची? आपल्याकडे मावससासूच्या जावेलासुद्धा नाव आहे, पण याला नाही. मी मुंगीसारखं आजीच म्हणते. त्या मला 'अगं' म्हणतात.

मुंगीची तर त्याहून मजा. मी शाळेची व्हॅन चालवते, दोन वर्षं ती माझ्या व्हॅनमध्ये होती, तेव्हा तोंडभरून 'व्हॅनताई' म्हणायची. लग्न झालं आणि ते बंद पडलं. आई म्हणवत नाही, ताई म्हणता येत नाही. आता माझं नाव 'ऐक ना' आहे.

सगळ्यांना वाटतंय मी खूश आहे. आहेच. पण छातीत धाकधूकही आहे. अकरा वर्षं मी रोज बावीस मुलं सुखरूप पोचवते, कुणाचं नखसुद्धा दुखावलेलं नाही. पण ती मुलं दुसऱ्यांची. दारात उभ्या असलेल्या आईच्या हातात दिली की मी मोकळी. आता दारात मीच उभी आहे.

शुक्रवार, २०

पोचलो. एवढं मोठं हॉटेल मी फक्त बाहेरून पाहिलेलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे दार. दोन्हींना मिळून एक लांब बाल्कनी, समोर माडांची रांग, तिच्यापलीकडे समुद्र. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले. मुंगीने कुणाला अंग पुसू दिलं नाही, हंस मोडतात म्हणून. शेवटी ह्याने स्वतःच्या शर्टाला हात पुसले.

हा लिफ्ट दुरुस्त करतो. वर येताना लिफ्टच्या भिंतीला कान लावून म्हणाला, "हिचं बेअरिंग गेलंय." सामान आणणारा माणूस घाबरून जिन्याने गेला.

आजींनी आल्या आल्या बाल्कनीतली खुर्ची पकडली. "मी काही खाली येणार नाही. वाळू चपलेत जाते. मला इथून सगळं दिसतं," म्हणाल्या. मला तरी ते थोडं टोचलं. दिसतं म्हणजे काय, आम्ही पळून जाणार आहोत?

संध्याकाळी मुंगीला घेऊन पाण्यापर्यंत गेले. एका बाजूला लाल झेंडा, तिकडे जायचं नाही. दुसऱ्या बाजूला पिवळा. मधे उंच खुर्चीवर शिट्टीवाला. लाट पायाशी आली तशी मुंगी किंचाळली आणि तिने माझा हात धरला. आपणहून! व्हॅनमधून उतरताना शेकडो वेळा धरलाय, पण तेव्हा तो कामाचा भाग होता. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातावर फुलपाखरू बसलं की माणूस श्वास धरून उभा राहतो, तशी उभी राहिले.

जेवताना मुंगी एकदा शिंकली. लगेच ह्याचा हात तिच्या कपाळावर. मुंगीची आई साध्या तापाने गेली. तीन दिवस सगळे 'उतरेल, उतरेल' म्हणत राहिले आणि चौथ्या दिवशी फार उशीर झालेला होता. तेव्हापासून तो असा आहे. शाळेच्या सहलीला पाठवत नाही, सायकल शिकू देत नाही. मला म्हणाला, "पाण्यात नेलंस तर गुडघ्याच्या वर नाही. आणि तिच्यावरून नजर काढायची नाही."

"अहो साहेब," मी म्हटलं, "नजर काय असते ते मला शिकवू नका. बावीस डोकी आरशातून मोजते मी."

तो हसला. आजी हसल्या नाहीत.

शनिवार, २१. दुपारी दीड

सगळं लिहून काढते.

सकाळी साडेदहाला मी आणि मुंगी समुद्रावर होतो. हा खोलीत फोनवर. आमच्या शहरातल्या कुठल्याशा इमारतीत दोन माणसं लिफ्टमध्ये अडकलेली आणि नवा मेकॅनिक घामाघूम झालेला. हा त्याला इथून एकेक स्क्रू सांगत होता.

पाणी मुंगीच्या गुडघ्यापर्यंत. पिवळ्या झेंड्याच्याच बाजूला होतो आम्ही. तिने माझा हात धरलेला, ओल्या वाळूवर दोघींची सावली पडलेली, एक लांब आणि एक बुटकी. मी तिचा फोटो काढला. मग वाटलं, माझ्या बहिणीला पाठवावा. ती लग्नाआधी म्हणाली होती, पोर तुला जवळ करायला दोन वर्षं घेईल. मी मुंगीला म्हटलं, "थांब हं, एकच मिनिट," आणि हात सोडला. लिहिलं, 'बघ, आपणहून धरलाय.' पाठवलं. मान वर केली.

पाणी होतं. नुसतं पाणी. मुंगीची लाल टोपी पाण्यावर तरंगत होती आणि टोपीखाली कुणी नव्हतं.

व्हॅनमध्ये एक डोकं कमी भरलं की मी आधी सीटखाली बघते. अकरा वर्षांत दोनदा असं झालंय. दोन्ही वेळा मूल सीटखाली पेन्सिल शोधत होतं. मला आजही आधी तेच वाटलं, की खाली वाकली असेल, काहीतरी शोधत असेल. हे वाटण्यात किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

मग धावले. पाणी माझ्या कमरेला लागलं. पायाखालची वाळू सरकत होती, पाणी मागे ओढत होतं. पायाला काहीतरी मऊ लागलं. हात घातला, दंड सापडला, ओढला. तिचे डोळे उघडे होते. श्वास नव्हता. मी तिला वाळूवर आणून कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या, काय काय केलं आठवत नाही. मग ती खोकली. नाकातून, तोंडातून पाणी आलं, फेस आला, सकाळचं सगळं उलटून पडलं. मग रडली. त्या रडण्यासारखं गोड काही मी ऐकलेलं नाही.

शिट्टीवाला लांब लाल झेंड्याकडे कुणालातरी परत बोलवत होता. त्याची पाठ होती. टोपी घातलेली एक बाई थांबून म्हणाली, "ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हो, हो, जरा नाकात पाणी गेलं."

दहा मिनिटांत मुंगी उठून बसली. डोळे लाल, ओठ थरथरत होते. मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, तीही आली. आणि म्हणाली, "ऐक ना. बाबाला सांगू नको."

"अगं, सांगायला हवं."

"नको ना. तो मला परत कधीच पाण्यात सोडणार नाही. आणि तुला ओरडेल."

तुला ओरडेल. तिला माझी काळजी वाटली.

"आपलं गुपित," ती म्हणाली आणि करंगळी पुढे केली. मी करंगळीत करंगळी अडकवली. खोटं कशाला लिहू? त्या क्षणी भीतीच्या वर एक आनंद तरंगत होता. आपलं म्हणाली ती. आपलं.

दोघींनी आइसक्रीम खाल्लं. ती हसली. एकदाच खोकली.

वर आलो तेव्हा आजी बाल्कनीत उभ्या होत्या, कठडा धरून. खुर्ची मागे आडवी पडलेली. त्या वळल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. "आलात? काय केलंत पाण्यात?"

"खेळलो," मुंगी म्हणाली.

"बरं." मग मला म्हणाल्या, "काही झालं का गं?"

"नाही, काही नाही."

"केस पूस तिचे नीट." बस एवढंच. पण नजर अशी, की मला अंगावरचे कपडेही ओझ्यासारखे वाटले.

हा फोन संपवून खूश होता. माणसं सुटली म्हणे, दोघंही धडधाकट.

शनिवार. चार वाजता

मुंगी जेवली नाही. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आता झोपली आहे. पोहण्याच्या तलावावरच्या घसरगुंडीसाठी सकाळी जीव टाकत होती, झोपण्याआधी मी विचारलं तर म्हणाली, "उद्या."

खोकतेय. मोठा खोकला नाही, आपला बारीक, सारखा. मी एसी बंद केला. ह्या हॉटेलांत एसी फार ठेवतात, लहान मुलांना बाधतोच. ह्याने कपाळ पाहिलं. "गरम नाही. ऊन लागलं असेल."

"हो, ऊनच," मी म्हटलं. किती सहज निघालं तोंडातून! पहिलं खोटं बोलायला मला सकाळी घाम फुटला होता. दुसऱ्याला काहीच लागलं नाही.

आजी मात्र पिच्छा सोडत नाहीत. जेवणाआधी म्हणाल्या, "पाणी फार खोल होतं का गं तिथे?" जेवणानंतर म्हणाल्या, "तुला काही सांगायचं असेल तर सांग हो." मला काय सांगायचं असणार? पकडायलाच बसल्यात. लेकीच्या जागी आलेली बाई चुकते कधी आणि मी बघते कधी, असं चाललंय. मनात राग आला. राग आला की भीती कमी वाटते, हे मला आजच कळलं.

आत्ता आजी तिच्या उशाशी बसल्या आहेत. मघाशी तिच्या पाठीला कान लावून बसल्या होत्या, ह्याच्या लिफ्टसारख्या. आता एक हात मुंगीच्या पोटावर ठेवलाय आणि मनगटावरच्या घड्याळात बघताहेत. बघून झालं की परत बघतात. चहाची वेळ झाली असेल.

माझी बहीण फोटोखाली लिहिते, 'काय गोड!' मी ते पुसून टाकलं.

शनिवार. सहा वाजून दहा

खाली जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, इथे डॉक्टर असतात का. म्हणाली, शहरातून येतात, उद्या सकाळी दहाला. "तातडीचं आहे का मॅडम? मोठं हॉस्पिटल वीस किलोमीटरवर आहे, गाडी देऊ?" मी म्हटलं, "नाही नाही, सहज विचारलं."

सहज!

तिथल्याच सोफ्यावर बसून लिहितेय. फोनवर शोधायला घेतलं होतं, 'नाकातोंडात पाणी गेल्यावर मूल'. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि बंद केलं. नेटवर काय, शिंक आली तरी शेवटची घटका लिहितात. आणि सकाळी आइसक्रीम खाल्लं की तिने. हसली की. बुडालेलं माणूस हसतं का?

पण ती मघाशी जागी झाली तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं. धावून आल्यासारखा श्वास घेत होती. झोपेतून उठून कोण धावून येतं?

सांगावं का? सांगितलं तर सकाळीच का नाही सांगितलंस म्हणेल. दर तासाला ते सांगणं जड होत चाललंय. साडेदहाला सांगितलं असतं तर एक चूक होती, आता दोन आहेत. त्याने मला लग्नासाठी विचारलं तेव्हा काय म्हणाला होता? "तुझ्या हातात पोर दिली की मला दिवसभर तिची आठवण येत नाही, इतका मी निर्धास्त असतो." त्याला मी ह्या तोंडाने काय सांगू?

उद्या दहाला डॉक्टर येतीलच. सकाळपर्यंत

वरून हा हाक मारतोय. जिन्यातून. माझं नाव असं त्याने कधी घेतलेलं नाही.

रविवार, २२. सकाळी साडेसात

हॉस्पिटलच्या बाकावर. वही पर्समध्येच राहिली होती.

मी वर गेले तेव्हा मुंगी पलंगावर बसलेली. ओकलेली. आडवी होत नव्हती. ओठांच्या कडा निळसर. श्वास घेताना नाकपुड्या फुगत होत्या आणि गळ्याखाली खळगा पडत होता. हा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता.

"मुंगे, काय होतंय तुला? सकाळी काही झालं का? पडलीस? काही खाल्लंस?"

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नीट माझ्या डोळ्यांत, विचारल्यासारखं. मग मान हलवली. "काही... नाही," म्हणाली. दोन शब्दांना तिला तीन श्वास लागले.

पोराला श्वास मिळत नव्हता आणि ते माझं गुपित सांभाळत होतं.

"ती बुडाली होती," मी म्हटलं. "सकाळी. पाण्याखाली गेली होती. मी हात सोडून फोन बघत होते. मी बाहेर काढली, तेव्हा श्वास नव्हता. मग आला. मी तुला सांगितलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मुंगीला उचललं आणि दाराकडे निघाला. दारात आजी चपला घालून उभ्या. हातात चादर, पाण्याची बाटली. "आपल्या गाडीची वाट मोकळी करून ठेवायला सांगितलंय मी खाली," त्या म्हणाल्या.

तो जिन्याने धावला. खाली आमच्या गाडीशी मुंगीला खांद्यावर धरूनच त्याने किल्ली काढली आणि ती खाली पडली. मी उचलली. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मग तो मुंगीला घेऊन मागे बसला. दुसरं कुणी नव्हतंच चालवायला.

वीस किलोमीटर. एकेरी रस्ता, पुढे ट्रक, बाजूला माणसं. मी आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दर वळणाला बघत होते. मागून आजींचा आवाज येत होता. "चव्वेचाळीस." थोड्या वेळाने, "शेहेचाळीस." मग, "पन्नास." दुपारी घड्याळात त्या काय बघत होत्या ते मला तेव्हा कळलं. मिनिटाचे श्वास.

डॉक्टर एक बाई होत्या, केसांत पेन खोचलेल्या. मुंगीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि चालायच्या त्या धावायला लागल्या. मास्क लावला, छातीचा फोटो काढला. मला विचारलं, "पाण्याखाली किती वेळ होती?"

"माहीत नाही. दहा सेकंद असतील."

"अर्धं मिनिट तरी," आजी म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो. "मी वरून बघत होते," त्या म्हणाल्या. "हिने फोन काढला तेव्हापासून. पोर एक पाऊल पुढे गेली, मग लाट आली. मी ओरडले. इतक्या लांबून हिला ऐकू काय जाणार? आणि जावई आत दार लावून फोनवर."

ह्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाल्या, फुप्फुसात पाणी गेलंय, सूज आली आहे. आतल्या खोलीत ठेवावं लागेल. मी विचारलं, "वेळेत आणलं ना?"

"वेळेत आणलंत असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "उशीर केलात. पण आणलंत."

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. गेली. आकडा वर जायचा, खाली यायचा. नव्वदच्या खाली आला की यंत्र ओरडायचं. अजूनही कानात ओरडतंय.

रविवार. दुपारी दोन

आकडा ब्याण्णव. ऑक्सिजन चालू. श्वास मघापेक्षा कमी जोरात. एका वेळी एकानेच आत बसायचं. हा बसलाय. उठायला तयार नाही.

बाहेर आजी आणि मी. चहाचे दोन कागदी कप, दोन्ही गार. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. तीनदा विचारलं तुला."

"मला वाटलं तुम्ही मला पकडताय."

"पकडायचंच असतं तर वरूनच बोंब ठोकली असती जावयापुढे. तो शेजारच्या खोलीत होता." त्या कपाकडे बघत होत्या. "मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याने तुला घालवलं असतं, नाहीतर तू आपण निघून गेली असतीस. पोरीची एक आई गेली आहे. दुसरी मी घालवायची? आणि त्या घरात मी कोण गं? लेक गेली, तिथेच माझं नातं संपलं. जावई चांगला म्हणून राहते. चुगली करून घर मोडणारी म्हातारी व्हायची हिंमत नाही झाली. म्हटलं, पोर हसतेय, खातेय, बघू. मग खोकायला लागली. म्हटलं, पाचपर्यंत बघू. मग म्हटलं, सहापर्यंत. माझ्या लेकीच्या वेळेलाही मी असंच म्हटलं होतं."

मी माझा गार कप बाकाखाली ठेवला.

"घाबरट आहोत आपण दोघी," त्या म्हणाल्या. "एकमेकींना घाबरून पोरीचा जीव घेतला असता."

मला वाटलं होतं त्या मला धीर देतील. त्यांनी दिला नाही, आणि तेच बरं. तो दिला असता तर मी घेतला असता.

सोमवार, २३

मास्क काढला. नाकाशी बारीक नळी आहे फक्त. ताप उतरला. आज पहिल्यांदा मला आत सोडलं. दहा मिनिटं.

मुंगी माझी वाटच बघत होती. हाताने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "ऐक ना. मी नाही सांगितलं हं."

मी म्हटलं, "मी सांगितलं."

ती केवढी रागावली! "गुपित होतं ते!"

"चुकलं माझं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. ऐक, मुंगे. ज्या गुपिताने कुणाचं अंग दुखतं किंवा कुणी रडतं, ते गुपित नसतं. ते लगेच सांगायचं. मी सांगू नको म्हटलं तरी सांगायचं. आजी म्हणाली तरी. कुणीही."

तिने विचार केला. "मग करंगळीचं काय?"

"करंगळी परत घ्यायची."

तिने माझ्या करंगळीत करंगळी अडकवली आणि लगेच सोडवली. बाकीची बोटं धरून ठेवली. मला ते झेपेना. मी खिडकीकडे बघत राहिले.

बाहेर आले तर हा दाराशी. शनिवारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला. हळू आवाजात, कामाबद्दल बोलावं तसं.

"लिफ्टची दोरी एकदम कधी तुटत नाही. आतली एकेक तार तुटते. आवाज येतो. दर वेळी चौकशीला गेलो की कळतं, कुणीतरी तो आवाज ऐकलेला असतो आणि बोललेला नसतो. मी त्या माणसांना काय काय बोललोय आजवर." थोडा थांबला. "माझ्याच घरात दोघींनी ऐकला."

तो पुढे म्हणाला, "तुला माझी भीती वाटली, हे मला समजतं. मुंगीलाही वाटली. माझ्यामुळे तुम्ही सगळ्या गप्प, हे मला समजतं. पण आत्ता मला तुझ्याशी बोलवत नाही. जबरदस्ती करू नकोस."

"नाही करत."

तो आत गेला.

शनिवार, २८

चार दिवस वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं होतं, लिहिण्याची हिंमत नव्हती.

मंगळवारी घरी आलो. डॉक्टर म्हणाल्या, फुप्फुसं साफ आहेत, पुढच्या आठवड्यात एकदा दाखवा. मुंगी खाते, खेळते, भांडते. आंघोळीला मात्र डोक्यावर पाणी घेत नाही. तांब्या वर गेला की दोन्ही हात तोंडावर. आंघोळ हाच घालतो. शाळेत हाच सोडणार आहे. जेवण मी वाढते. तो "बस" म्हणतो, "मीठ" म्हणतो. आजी आता मला 'अगं' म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. कधी सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही.

मी गुरुवारपासून व्हॅन सुरू केली. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एकवीस डोकी भरली. मी गाडी बंद केली, खाली उतरले, दार उघडून एकेका मुलाच्या डोक्याला हात लावून मोजलं. बावीस होती. त्यानंतर रोज हात लावूनच मोजते. मुलं हसतात. हसू देत.

दुपारी मुंगी झोपली की मी दाराशी उभी राहून तिचं पोट वरखाली होताना बघते. घड्याळ घेऊन. बावीस, तेवीस. मग जाते. पाच मिनिटांनी परत येते. ही भीती जाईल असं सगळे म्हणतात. मला ती गेलेली हवी आहे की नको, तेही कळत नाही.

आणि मुंगी! तिने ते गुपिताचं एवढं मनावर घेतलंय की घरात आता काहीच लपून राहत नाही. परवा शेजारच्या काकूंना सांगून आली, आजी दात काढून पेल्यात ठेवतात. काल बाबाला सांगितलं, "तुझी घोरण्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली." सांगताना चेहरा असा गंभीर, की हसायची सोय नाही.

आज दुपारी जेवणं झाली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेर मुंगी तिच्या बाबाच्या पाठीवर चढून काहीतरी बडबडत होती. मधेच तिचा आवाज आला. मुद्दाम मोठ्याने, वर्गात उभं राहून सांगावं तसा.

"बाबा, हे गुपित नाहीये म्हणून सांगते. ती भांडी घासताना नळ मोठा सोडते ना, तो भांड्यांसाठी नाही. ती रडते. रोज रडते. मी दारातून पाहिलंय."

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी. नळ बंद करावा तर खरंच ठरेल, चालू ठेवावा तरी खरंच ठरेल.

पावलं ऐकू आली. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि नळ बंद केला. घरात एकदम इतकी शांतता झाली की माझा हुंदका मलाच परक्यासारखा ऐकू आला.

तो गेला नाही. जवळही आला नाही. ओट्यावरचं फडकं घेतलं आणि घासलेली भांडी एकेक करून पुसायला लागला.

"सांग," तो म्हणाला. "साडेदहापासून. सगळं."

मी सांगायला लागले.